माझा कर कोण भरत होते?

मित्रांनो, माझे वय झाले आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा उडालेला रंग पाहून तुम्हाला अवघडायला नको. मी एका ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक व क्लच, एवढाच काय तो माझ्यात आणि इतर गाड्यांत फरक. त्यांना एकच माणूस थांबवू शकतो, मला दोघे थांबवू शकतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. एका उंच, कमी बोलणाऱ्या माणसाने मला विकत घेतले आणि घरी नेण्याआधी वेल्डरकडे नेऊन हे जास्तीचे पाय बसवून घेतले. त्याला एक मुलगी आणि एक मुलगा. दोघेही माझ्यावरच गाडी शिकले. मुलीला पुढे सगळे गाव ताई म्हणू लागले. धाकटा काडीसारखा होता म्हणून तो बारक्या. पुढे तो अंगाने चांगलाच भरला, माझ्या मागच्या सीटवर एकटाच दोघांची जागा अडवू लागला, पण नाव तेच राहिले.

माझी उमेदीची वर्षे चांगली गेली. नवशिक्यांनी माझा क्लच जाळला, गिअर खरडले, मला चढावर बंद पाडले. मी कोणाचा राग धरला नाही. एका नर्सला परवाना मिळाला तेव्हा तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवून 'थँक यू' म्हटले. ते ताईला असेल असे मला वाटले, पण ताई तेव्हा चहा प्यायला गेली होती.

वडील गेल्यावर मी कागदोपत्री भावंडांच्या नावावर, अर्धी अर्धी झाले. शिकवायचे सगळे काम ताईकडे आले, हिशेब आणि कागदपत्रे बारक्याकडे. बारक्याला कामे पटकन उरकायला आवडत. ऑफिसचे भाडे, विमा, विजेचे बिल, सगळे त्याने फोनवरून 'ऑटो-पे'ला लावून टाकले. म्हणजे तारीख आली की खात्यातून पैसे आपोआप जाणार, कोणी लक्ष ठेवायला नको. माझा वाहन करही त्याने तसाच लावला. फक्त त्या दिवशी आमच्या ड्रायव्हिंग शाळेच्या बँक खात्याची साइट बंद होती, म्हणून त्याने स्वतःचे खाते जोडले. नंतर बदलू, असे तो म्हणाल्याचे मला आठवते.

ताईला हा प्रकार पसंत नव्हता. पैसे देताना हाताला कळले पाहिजे, असे तिचे मत. बारक्या हसून विषय बदलायचा.

मग तो परवान्याच्या परीक्षेचा दिवस आला. मैदानावर आमचे शिकाऊ लोक रांगेत उभे होते, कोणी रजा टाकून आलेले, कोणी बाळाला शेजारणीकडे ठेवून. त्यांची फी शाळेच्या खात्यातून भरायची होती. पण त्याच सकाळी भाडे, विमा आणि केव्हाच बंद केलेल्या एका जाहिरातीचे वर्षभराचे पैसे एकदम गेले होते. खाते रिकामे. ताईने एकेकाजवळ जाऊन माफी मागितली आणि सगळ्यांना परत पाठवले. मग ती येऊन माझ्यात बसली. बारक्या आधीच बसलेला होता.

"पैसे गेले कुठं?" तिने विचारले.

"आपोआप गेले गं. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"आपोआप काही जात नाही, बारक्या. कुणीतरी कधीतरी हो म्हटलेलं असतं."

"मीच म्हटलं होतं. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून." "तुला ऑटो-पेवर विश्वास नाही असं नाहीये. तुला माझ्यावर नाहीये."

ताईने त्यावर नाही म्हणायला हवे होते. ती काचेतून समोर पाहत राहिली. बारक्याने माझी किल्ली डॅशबोर्डवर ठेवली आणि तो उतरून चालायला लागला. त्याच आठवड्यात त्याने शाळेच्या खात्यावरचे सगळे ऑटो-पे बंद करून दिले आणि दुसऱ्या गावाबाहेरच्या वजनकाट्यावर नोकरी धरली. ट्रक तिथे लोखंडी फळीवर उभे राहतात आणि त्यांचे वजन होते. त्यानंतर भावंडांचे बोलणे नाही, फोन नाही.

आता दोन्ही कामे ताईच्या अंगावर आली. सकाळी शिकवणी, दुपारी बिलांच्या रांगा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. मला धुणे मागे पडले. दाराच्या खाचांत माती साठली, वायपरचे रबर फाटून लोंबू लागले.

कराची तारीख आली तशी ताई घरासमोर माझ्यातच बसली, चष्मा लावला आणि फोनवर सरकारी साइट उघडून माझा नंबर टाकला. पडद्यावर हिरवी अक्षरे आली : कर भरलेला आहे. जाण्याआधी बारक्याने भरून ठेवला असेल, असे पुटपुटून तिने फोन बंद केला.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आता मात्र ताई चरकली. ही साइट खोटी असेल म्हणून तिने पत्ता एकेक अक्षर लावून वाचला. मग ती मला घेऊन कर कार्यालयात गेली. परत येऊन बसली ती तणतणतच. खिडकीवरच्या माणसाने, भरलाय ना, मग तक्रार कसली, असे तिलाच विचारले होते. कोणी भरला ते त्याच्या संगणकावर दिसत नव्हते.

त्या दिवसांत कोर्टात टायपिंग करणारी एक बाई माझ्यावर शिकत होती. दिवसभर लोकांची भांडणे टाइप करून तिला सगळीकडे वादी आणि प्रतिवादीच दिसत. ताईने तिला हकिकत सांगितली. टायपिस्टबाई स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाल्या की गाडी दोघांच्या नावावर आहे, आणि एकजण दरवर्षी गुपचूप कर भरतोय. उद्या तो पावत्या दाखवून गाडी माझीच म्हणाला तर? ताईचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर पडला आणि मी भर रस्त्यात थांबले.

दुसऱ्या दिवशी ताईने जाहीर केले की आज हायवेचा सराव. टायपिस्टबाईंना आधी आनंद झाला. वजनकाट्याचे नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "भांडायला चाललो असलो तर आधी सांगा, मी गाडी बाहेरच लावते."

"भांडायला नाही, विचारायला चाललोय," ताई म्हणाली. पण तिचा आवाज भांडणाचाच होता.

रस्ता लांब होता. लांब रस्त्यावर माणसाचा राग फार वेळ एका जागी बसत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. अर्ध्या वाटेवर ताई आपणहून बोलू लागली. लहानपणी तिच्याशी भांडण झाले की बारक्या बोलायचा नाही, पण सकाळी तिची सायकल पुसलेली असायची. विचारले तर मी नाही म्हणायचा. मग तिने एका दुकानाजवळ मला थांबवायला लावले आणि बिस्किटांचे दोन पुडे घेतले. टायपिस्टबाईंनी पुड्यांकडे पाहिले, पण मत दिले नाही.

वजनकाट्याशी ट्रकांची रांग होती. बाजूने वळवून घ्या, असे ताई सांगत होती. टायपिस्टबाई गोंधळल्या, मी सरळ लोखंडी फळीवर चढले आणि तिथेच बंद पडले. समोरच्या केबिनवर लाल आकडे उमटले. माझे, दोघींचे आणि बिस्किटांचे मिळून वजन. मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. भोंग्यातून आवाज आला, "ही ट्रकची जागा आहे, गाडी पुढं घ्या." तो आवाज बारक्याचा होता. मग भोंगा मध्येच थांबला. त्याने माझी नंबरप्लेट वाचली असावी.

आम्ही पुढे जाऊन कडेला उभ्या राहिलो. तो केबिनमधून उतरून आला. थोडा वाळला होता. ताईने काच खाली केली.

"गाडीचा कर तू भरतोयस?"

"मी? नाही." त्याला प्रश्नच कळला नाही. ताईने फोनवरची हिरवी अक्षरे दाखवली. त्याने स्वतःचा फोन काढला, बराच वेळ बोट फिरवले आणि मग त्याचा चेहरा पडला. शाळेच्या खात्यावरचे सगळे त्याने बंद केले होते, माझा कर मात्र त्याच्या खात्याला जोडलेलाच राहिला होता. पैसे कापले गेल्याचे त्याने पाहिले होते, बँकेचेच काहीतरी असेल म्हणून सोडून दिले होते. गेल्या वर्षी त्याच महिन्यात त्याला खोलीचे भाडे वेळेवर देता आले नव्हते आणि मालकाने चार लोकांत सुनावले होते. पैसे कुठे गेले ते त्याला आज कळले.

"माहीत असतं तर बंद केलं असतं," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. बिस्किटांचे पुडे तिच्या मांडीवर तसेच होते. टायपिस्टबाई उगाच आरशात पाहू लागल्या.

मग ताईने दोन वर्षांच्या कराचे पैसे त्याच्या खात्यात पाठवले, प्रत्येक आकडा दोनदा तपासून. तो नको म्हणाला नाही. त्याला त्यांची गरज होती. ऑटो-पे बंद करताना फोनने माझा चॅसिस नंबर, म्हणजे कारखान्यात कोरलेला क्रमांक, मागितला. समोरच्या काचेखालच्या पट्टीवर तो आहे, पण धुळीत दिसत नव्हता. बारक्याने शर्टाच्या बाहीने पट्टी पुसली आणि वाकून एकेक आकडा मोठ्याने वाचला. त्याचा फोन ताईने धरला होता. तिने टाइप केले, त्याने 'होय' दाबले. ऑटो-पे बंद झाला.

काम संपले होते. टायपिस्टबाईंनी किल्लीला हात घातला. बारक्या खिडकीपाशीच उभा होता.

"ताई, तुला काय वाटलं होतं? मी मुद्दाम भरतोय?"

"आधी वाटलं, गाडीवर हक्क सांगायला भरतोयस."

"आणि मग?"

"मग वाटलं, माझ्यासाठी भरतोयस."

बारक्याने माझ्या टपावर हात ठेवला. मागे ट्रक एकामागून एक फळीवर चढत होते आणि दुसराच कोणीतरी भोंग्यातून ओरडत होता.

"ते खरं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "खरं म्हणजे ते मी करायला हवं होतं."

"आणि मी तेव्हा मैदानावर काहीतरी बोलायला हवं होतं," ताई म्हणाली. तिने पुडे खिडकीतून त्याच्या हातात दिले. त्याने एक फोडला आणि आधी टायपिस्टबाईंपुढे धरला.

मित्रांनो, यानंतर सगळे पूर्वीसारखे झाले असे मी सांगणार नाही. बारक्या अजून वजनकाट्यावरच आहे. शाळा ताई एकटीच चालवते. पण यंदा कराची तारीख जवळ आली तेव्हा तो सुट्टी काढून आला. दोघे माझ्यात बसले. साइटवर लाल अक्षरे होती : कर भरणे बाकी. कोणाचा किती, यावर जरा वाद झाला आणि अर्धा अर्धा ठरला. बारक्या म्हणाला की निदान फोनला तारखेची आठवण तरी लावून ठेवू. ताईने विचार केला. आठवण त्याने करावी, पैसे मी स्वतः हाताने भरीन, असे तिने सांगितले. 'त्याने' म्हणजे फोनने की भावाने, हे तिने स्पष्ट केले नाही.

मी आता फार वर्षे चालणार नाही. त्याचे मला दुःख नाही, मी भरपूर माणसांना रस्त्यावर गाडी चालवायला शिकवले आहे. तुमच्याकडे एकच मागते. ज्या दोन वर्षांत माझा कर एक दिवसही चुकला नाही, त्या दोन वर्षांत मला कोणी फडके लावले नाही आणि माझ्या दोन मालकांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. कागदावर मात्र माझे सगळे व्यवस्थित होते. म्हणून जे आपोआप चालले आहे असे तुम्हाला वाटते, तिथे अधूनमधून स्वतः जाऊन बघत जा. काही बिघडले नसले तरी जा.