बाळंतिणीसाठी मुशी

माझी धाकटी बहीण उज्वला दुसऱ्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली. बाळाला दूध पुरत नव्हतं. ते रडलं की येणारी-जाणारी प्रत्येक बाई उज्वलाकडे अशी बघे, जणू तिनेच दूध कुठे लपवून ठेवलंय. अळीव झाले, मेथीचे लाडू झाले, शतावरी झाली. उपाय सगळ्यांकडे होते, पण 'तू कशी आहेस' एवढं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमची आई, वत्सलाबाई, मूळची डहाणूची. मुशी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, ही तिकडची समजूत. तिने नाशिकच्याच द्वारका चौकातल्या मासेवाल्या शौकतभाईंकडून हातभर मुशी आणली. मुशी म्हणजे लहान शार्कच. हे कळताच उज्वलाची थोरली, हर्षाली, ओट्याला चिकटली. तिला शार्कचं भारी वेड. तिने मलाही कामाला लावलं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत. बारीक दातांसारखे खवले असतात म्हणे. डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. आणि अंगात हाड एकही नाही.

"मावशी, कान वाकवून बघ. तसल्याच कूर्चेचा सगळा सांगाडा."

मी मुकाट्याने कान वाकवला. शार्कचे दात पडले की मागचे नवे पुढे सरकतात, जन्मभर. हे ऐकून कवळीवाली आई जरा खट्टू झाली.

कालवणाचं ताट उज्वलासमोर ठेवून आई तिथेच बसली, पहारा द्यायला. काही शार्क अंडी घालतात, पण मुशीला थेट पिल्लंच होतात, असं हर्षालीने सांगितलं. आईला मुद्दा सापडला. म्हणाली, बघ, तीही लेकुरवाळीच.

"पण आजी, ती पाजत नाही. पिल्लं जन्मली की लगेच पोहत जातात, आपलं आपण खातात. जिला स्वतःलाच दूध येत नाही, ती माझ्या आईला कुठून देणार?"

मला हसू आवरेना. उज्वलाही हसली, माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसता हसता रडायला लागली.

"मी पाजतेय गं आई. कमी पडतंय, पण रात्रंदिवस पाजतेय."

आईने ताट स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, रागावली. पण तिने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि उज्वलाच्या तोंडाशी धरला.

"बाळाला उद्या डॉक्टरांना दाखवू. हे दुधासाठी नको खाऊस. तुला भूक लागली असेल, म्हणून खा."