लिफ्टवालीचा चौथा भाग

“आधी किती भागांची आहे ते सांगा,” घड्याळवाले म्हणाले. दंडात दोन जाड सुया, अंगातलं रक्त नळीतून यंत्रात जाऊन धुऊन परत येतंय, आणि चौकशी कसली, तर ही.

“चार,” मावशी म्हणाली.

“मग उघडा.”

पाचाच्या वर भाग असले की हा माणूस त्या पुस्तकाचं तोंड बघत नसे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो चार भागांत सांगून मोकळा होतो, ज्याच्याकडे नसतं तो चाळीस भाग बोलत बसतो, असं त्याचं ठाम मत. मावशीला ते पटायचं. तिची धाकटी सून दुधाचा निरोपसुद्धा अर्धा तास सांगायची.

डायलिसिसच्या त्या खोलीत सहा खुर्च्या. माणूस आठवड्यातून तीनदा यायचा आणि चार तास अडकून पडायचा. मावशी तिथे एकोणीस वर्षं आया होती. शिक्षण तिसरीपर्यंत, पण तिच्या जिभेला डॉक्टरही वचकून असत, आणि घरी तीन मुलगे नि दोन सुना तर तिची चप्पल दारात वाजली की सरळ बसत. घड्याळवाल्यांनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बसवली होती. साखरेनं त्यांची आधी मूत्रपिंडं नेली, मग डोळे. राहिलं काय, तर कपाटभर जपानी चित्रकथा, मराठीत उतरवलेल्या. मांगा म्हणायचे ते त्यांना. अख्खी हयात त्यांच्या पायी घातलेली, आणि आता वाचून दाखवायला कोणी नाही. लेक पिशवीत एक भाग घालून त्यांना चौथ्या खुर्चीत बसवायची आणि औषधाच्या दुकानात कामाला पळायची. नर्सना मरायला सवड नव्हती. दुपारची घटकाभर सवड असायची ती मावशीला.

पहिलं पुस्तक तिनं शहाण्या माणसासारखं डावीकडून उघडलं. एक दीपगृहाचा राखणदार समुद्रातून मेलेला वर आला, ओला बायकोशी भांडला, मग कोरडा झाला, मग त्याचं लग्न मोडून तो पोरगा झाला आणि शेवटी आईच्या मांडीवर निजला. सगळं ऐकून झाल्यावर घड्याळवाल्यांनी शांतपणे सांगितलं की ही पुस्तकं उजवीकडून वाचतात.

“मग इतका वेळ काय तोंडात गुळणी धरली होती?”

“बाई, चार वेळा वाचलीय मी ती. इतकी चांगली कधी लागली नव्हती.”

तिथून त्यांचं जमलं. जमलं म्हणजे वाद सुरू झाले. चित्रात काय आहे ते मावशीनं सांगायचं, फुग्यातली अक्षरं एकेक लावत वाचायची, आणि भाग संपला की दोघांनी त्याची सालं काढायची. एका मुष्टियोद्ध्याची गोष्ट ती छापणाऱ्या मासिकानं दुसऱ्याच भागात बंद पाडली होती, तर जन्माचे वैरी शेवटच्या दहा पानांत एकमेकांच्या गळ्यात पडले. पाहुणे आल्यावर सगळा पसारा पलंगाखाली लोटतात तसं आहे हे, असं मावशी म्हणाली. ते वाक्य घड्याळवाल्यांना इतकं आवडलं की त्यांनी तंत्रज्ञाला हाक मारून ऐकवलं. दुसरी एक तिसऱ्या भागातच संपली होती, पण खपत होती म्हणून पाचपर्यंत ताणलेली. पाचव्यात मेलेल्या बापाचा जुळा भाऊ निघाला. मढ्याला टेकू देऊन उभं केलंय, असं घड्याळवाले म्हणाले, आणि ते मत मावशीनं घरी सुनांना स्वतःचं म्हणून सांगितलं. सुनाही हातातलं काम टाकून ऐकायच्या. सासू शिव्या देत नाही अशी दिवसातली तेवढीच वेळ.

लेकीनं नवीन आणलेल्या त्या चार भागांच्या लिफ्टवालीचा पहिला भाग वाचून झाला त्या आठवड्यात तिनं मावशीला कपड्यांच्या खोलीपाशी गाठलं. बाबांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, हा महिना पुरा करतो, पुढे येणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, रागावून पाहिलं. थांबवलं तर फार तर दहा-बारा दिवस, असं स्पष्ट सांगितलं. बाबा ढिम्म. रडून झालं होतं तिचं. आता नुसती बोलत होती. “मावशी, ते फक्त तुमचं ऐकतात.”

मावशीनं आयुष्यात कोणाची मनधरणी केलेली नव्हती. ती सरळ जाऊन भांडली. आठवड्यातून तीन दिवस बसून राहायचा कंटाळा आला का, मी एकोणीस वर्षं उभी आहे, पोरीनं तुमच्यामागे कोणाकडे बघायचं, असं पुष्कळ बोलली. घड्याळवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, माझी तिसऱ्या भागातच संपली होती. दिसेनासं झालं तेव्हा. हे पुढचं ताणलेलं आहे.”

“आणि मध्येच बंद पाडलेली चालते वाटतं? त्या मुष्टियोद्ध्यासारखी?”

“ती मासिकानं बंद पाडली. त्याला विचारलं होतं का कोणी?”

 मावशी तरातरा निघून गेली आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसली.

मग तिला युक्ती सुचली. लिफ्टवाली चारच भागांची आहे हे तिनंच सांगितलं होतं. तर आता सांगायचं, चुकलं, पाचवाही आहे, मागवलाय, यायला तीन आठवडे लागतील. तो येईपर्यंत माणूस खुर्चीत बसेल. पुढचं पुढे. अर्धी गोष्ट टाकून जायचा त्याचा स्वभाव नव्हता. लेकीला सांगितल्यावर तिनं मावशीचे दोन्ही हात धरले. मावशीनं ते सोडवून घेतले. आधी होऊ दे म्हणाली.

महिन्याचा शेवटचा दिवस आला, तेव्हा चौथा भाग हातात होता. कापडाचं मोठं जुनं दुकान, त्याची जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि ती चालवणारी बाई. प्रत्येक मजल्याची एक गोष्ट. आता दुकान विकलं गेलेलं, एकेक मजला रिकामा होत चाललेला. मावशीनं घाई केली नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाईही मान वळवून ऐकत होती. मग पान उलटलं आणि मावशी थांबली.

“संपली?”

“हं.”

“काय काढलंय?”

“लिफ्ट आहे. दार उघडं. आत तिचं स्टूल. दिवा चालू आहे. ती नाही.”

“काही लिहिलंय?”

“काही नाही.”

दारात लेक येऊन उभी होती. दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात, आज लवकर सुटून आलेली. तिनं मावशीकडे पाहिलं. पाचवा भाग मावशीच्या अगदी ओठांवर होता. तिनं पुन्हा पानाकडे पाहिलं. त्या रिकाम्या स्टुलाच्या पुढे काय येणार होतं? लिफ्टवालीचा जुळा भाऊ? इतक्या महिन्यांत या माणसापाशी तिनं वाईटाला चांगलं म्हटलं नव्हतं, की चांगल्याला वाईट. त्याला आता दिसत होतं ते तिच्याच तोंडून.

“पुढे काही आहे का?” घड्याळवाल्यांनी विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली. “थांबायचं तिथेच थांबलीय.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, “चांगली होती.”

“चांगली होती.”

सुया निघाल्या, पट्ट्या लागल्या. मावशीनं त्यांना धरून वजनकाट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला, पायात चपला सरकवल्या. त्यांनी तिचा हात शोधला आणि नुसता थोपटला. लेक पिशवी घेऊन मागे रेंगाळली.

“एकच शब्द बोलायचा होता तुम्ही,” ती हळू म्हणाली. “एवढाच.”

मावशीला ज्याला-त्याला परतून बोलायची सवय. ती खाली वाकून पट्ट्यांचे कागद गोळा करू लागली.

घरी मोठ्या सुनेनं विचारलं, लिफ्टवालीचं काय झालं. गॅस बारीक कर आधी, असं उत्तर मिळालं, आणि त्या दिवशी कोणी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या पाळीला तंत्रज्ञानं नेहमीप्रमाणे सहाही यंत्रं लावली. अकरा वाजता चौथ्याचं बटण बंद केलं.  मावशी सगळ्यांचं पाणी बघून आली, शेजारच्या बाईची उशी सारखी केली. मग चौथ्या खुर्चीपाशी गेली. चादर सकाळी घातली होती तशीच होती, एक सुरकुती नाही. तिनं ती काढली, धुवायच्या टोपलीत टाकली, आणि दुसरी आणून चारही कोपरे ताणून घातली.