तिवारी आंटींचं कपाट

शमिकानं गव्हाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवीचं टोक धरून ओढलं. पिशवीबरोबर मूठभर गहू फरशीवर सांडले. नवव्या महिन्याच्या पोटानं वाकवेना, म्हणून तिनं ते पायानंच ओट्याखाली लोटले. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या आणि जाताना सांगून गेल्या होत्या, आल्यावर गहू काढते, चक्कीवर द्यायचेत.

पिशवीत दोन झबली, एक टोपडं, चार लंगोट आणि तळाशी लोकरीचे मोजे. एवढ्याशा ऐवजासाठी पंधरा दिवसांत तिनं तीन जागा बदलल्या होत्या. आधी कूलरच्या मागे, मग नवऱ्याच्या, परीक्षितच्या जुन्या बॅगेत, मग करोंदच्या धान्यमंडीतून आलेल्या या गव्हात. आपल्याच घरात आपल्याच बाळाचे कपडे का लपवत फिरायचं, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

सिझेरियनला नऊ दिवस उरले होते आणि घरात बाळाची एक चिंधी दिसत नव्हती. सासूबाईंचा, नलिनीताईंचा नियम होता, जन्माआधी काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही. परवाच शमिकानं विचारून पाहिलं होतं.

"आई, निदान एक दुपटं तरी शिवूया ना?"

"तू वेळेवर गोळ्या घे. बाकीचं नंतर," एवढं म्हणून त्या भजनाला निघून गेल्या होत्या. हल्ली रोज दुपारी त्यांचं भजन असायचं.

कारखान्यातून आलेल्या परीक्षितपुढे तिनं रडून घेतलं, तेव्हा तो बुटाची नाडी सोडत राहिला. "नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाला.

नऊ दिवसांचा प्रश्न नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच घरात पाळणा टांगला होता. तो नियम नलिनीताईंनीच तेव्हा हसण्यावारी नेला होता आणि भिंतींना रंगसुद्धा लावून घेतला होता. बाळ सहा दिवस जगलं. शमिका दवाखान्यातून परतली तेव्हा पाळणा नव्हता, दुपटी नव्हती, काहीच नव्हतं. बारसं न झाल्यानं त्याला नावही नव्हतं आणि त्यानंतर घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. सासूबाईंनी त्याला झाडून काढलं, असं शमिकाला वाटे. आताच्या बाळाचीही त्या वाट बघत नाहीत, कुणीच बघत नाही, या विचारानं रोज सकाळी तिचा जीव कासावीस व्हायचा.

तिनं पिशवी ओढणीखाली धरली आणि जिना चढू लागली. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. सोळा पायऱ्यांत ती तीनदा थांबली.

वरच्या मजल्यावरच्या तिवारी आंटींनी दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे बेटा, तुम ऊपर क्यों चढ़ीं?"

"आंटी, ये नौ दिन रख लीजिए. बस अपने कपाट में. आई को मत बताइएगा."

आंटींनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाट उघडलं.

"कहाँ रखूँ? तुम ही बता दो."

दोन कप्पे गच्च भरले होते. दुपट्यांच्या चळती होत्या, टाक्यांवर टाके घातलेल्या. एका दुपट्यातली सासूबाईंची हिरव्या काठाची साडी शमिकानं ओळखली. ती भांडेवालीला दिली, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. बाजूला झबली, कुंच्या, आणि डिंक-अळिवाची पुडकी.

"तुम्हारी सास रोज़ दोपहर यहीं बैठकर सिलती हैं," आंटी म्हणाल्या. "पिछली बार सारा सामान उन्होंने अकेले समेटा था, तुम्हारे लौटने से पहले. कहती हैं, इस बार कुछ हुआ तो बहू की आँखों के सामने एक धागा भी न रहे."

शमिका पलंगाच्या कडेवर बसली. आधी तिला रागच आला. एकटीनं का? मला का नाही सांगितलं? मग राग ओसरला आणि ती ओढणीत तोंड खुपसून रडली. आंटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

उठताना तिनं पिशवीच्या तळातून लोकरीचे मोजे काढले. चोरून विणलेले, टाके जरा वेडेवाकडे. ते तिनं सगळ्यात वरच्या दुपट्यावर ठेवले.

"इन्हें यहीं रहने दीजिए."

दुसऱ्या दिवशी नलिनीताईंचं भजन बराच वेळ लांबलं. परत आल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या. शमिका वालाच्या शेंगा निवडत होती. त्या समोर बसल्या आणि ताटातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. दोघी निवडू लागल्या.

"मोजे लहान होतील," नलिनीताई म्हणाल्या.

शमिकाचा हात थांबला.

"त्याचे पाय केवढे होते. दवाखान्यात काचेतून बघत बसायचे मी."



"डाव्या पायाची करंगळी वाकडी होती," शमिका म्हणाली.

"उजव्या," नलिनीताई म्हणाल्या. मग शेंगांवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, लोकर उरली आहे का.