ओल धरलेली भिंत

पाळण्याची दोरी डाव्या पायाच्या अंगठ्याला, उजवा हात माऊसवर आणि कान बाळाच्या श्वासाकडे. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या सांदीत बसून ती शाळेतल्या मुलांचे फोटो दुरुस्त करायची. खुर्ची मागे सरकवायलाही जागा नव्हती. समोर हातभर अंतरावर ओल धरलेली भिंत.

स्टुडिओच्या मालकाचा नियम साधा : मागे निळा रंग, चेहरा उजळ, चला पुढचा.

पण बाळाला गाढ झोप लागली की अर्धा तास तिचा स्वतःचा असे. एखाद्या फोटोवर नवा थर चढवायचा आणि मनाला येईल ते करून बघायचं. सावल्या हिरव्या कर, अर्धा चेहरा अंधारात ठेव. मग त्या थरापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की खाली निळा फोटो जसाच्या तसा. कुणाला पत्ताही लागत नसे.

सोमवारी तिनं वेणी सुटलेल्या एका मुलीच्या मागे समोरच्या भिंतीचाच फोटो लावला. पोपडे, डाग, सगळं. रंग उतरवले. मुलगी जणू ढगांतून चालत येत होती. ती बघतच राहिली. तेवढ्यात बाळानं टाहो फोडला, आणि घाईघाईत तिनं सगळे फोटो पाठवून दिले. चिन्ह बंद करायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन.

"त्या पोरीच्या मागे काय चिकटवलंयस?"

हे काम गेलं तर तो अर्धा तासही गेला. "चुकून झालं, दादा. आत्ता बदलून देते."

"अगं, बदलतेस कुठं? शाळेच्या मोठ्या बाईंना भलतंच आवडलंय. सगळ्यांचे तसेच हवेत म्हणाल्या."

तिचा जीव भांड्यात पडला. "करते की! प्रत्येकाला शोभेल असं वेगवेगळं..."

"वेगळंबिगळं काही नको हं. हीच भिंत, हेच रंग. साडेचारशे. शुक्रवारपर्यंत."

सासूबाई दारातून डोकावल्या. "रागावले का गं?"

"नाही. खूश झालेत."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

ती मनात म्हणाली, हात दाखवून अवलक्षण!

बाळ झोपलं. तिनं मुलं एकेक करून भिंतीपुढे उभी करायला घेतली. एका मुलाच्या चष्म्यात खिडकी उमटली होती, इवलीशी, चौकोनी. बोट नव्या थराकडे गेलं. शुक्रवार आठवला. बोट परत आलं.

एकशेबारावा झाला. मान वर केली, तर तीच भिंत. पोपड्याचा एक तुकडा कीबोर्डवर पडला होता. तिनं तो फुंकरीनं उडवला, अंगठ्यानं दोरी ओढली आणि एकशेतेरावा फोटो उघडला.