वल्लरीचा पंखा

पंखा वल्लरीचा होता. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. लेकीला आणि नातीला सासरी पोचवायला अश्लेषाचे वडील गोपाळकृष्ण साताऱ्याहून एसटीनं आले, तेव्हा बाळंतविड्याचं बाकी सगळं सामान त्यांनी टपावर टाकलं होतं. हा टेबलफॅन मात्र जाळीला वर्तमानपत्र गुंडाळून त्यांनी सांगलीपर्यंत मांडीवर धरला. कराडच्या स्टँडवर चहालाही ते उतरले नाहीत. घरात आल्यावर पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी त्यांनी पंखा पाळण्याच्या पायथ्याशी ठेवला आणि म्हणाले, "अजिंक्यताऱ्याचा वारा काही बांधून आणता येत नाही. म्हणून हा."

गावभागातलं ते घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, आणि मधल्या खोलीला खिडकी नाही. आढ्याला एकच कडी. तिला पाळणा टांगलेला, त्यामुळे छताचा पंखा नाही. साडेचार महिन्यांची वल्लरी त्या पाळण्यात मुठी डोक्याशी घेऊन झोपायची, जणू कुणाला तरी शरण आलीय. टेबलफॅनचा वारा तिच्या टाळूवरचं विरळ जावळ हलवायचा. ते हलणारं जावळ बघत अश्लेषाचा दिवस जात होता, आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

मग ते कार्ड आलं.

देवदत्त आणि अश्लेषा दोघं मिळून लग्नपत्रिका आणि हँडबिलांची अक्षरजुळणी करत. खरं तर कॉम्प्युटरवरची जुळणी अश्लेषा करायची आणि गिऱ्हाइकं देवदत्त सांभाळायचा. ती बाळंतपणाला साताऱ्याला गेली आणि मशीन एकट्या त्याच्या हाती आलं. मधल्या खोलीतच भिंतीत एक खोल फडताळ होतं. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी, अनसूयाबाईंनी, मशीनचा डबा त्यात ठेवायला लावला होता. दसऱ्याच्या आधी देवदत्त पुण्याला गेला आणि स्वेटरमध्ये गुंडाळून, मशीनच्या डब्यात बसवायचं एक थ्रीडी कार्ड घेऊन आला. कार्डाला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वर बोटभर पंखा.

"यानं पत्रिकांचं काम झरझर होईल," त्यानं आईला सांगितलं.

पत्रिकेवरच्या गणपतीला थ्रीडी कार्ड लागत नाही, हे अश्लेषाला ठाऊक होतं. पण पोर अंगावर पीत होती आणि पिणाऱ्या पोराच्या डोक्यावरून भांडू नये असं तिला वाटायचं.

संध्याकाळपासून पडद्यावर खेळातल्या मोटारी धावायला लागल्या. डोंगरातला रस्ता, वळणावर उडणारी धूळ, सूर्याची तिरीप काचेवर. दिसायला सुंदर होतं, नाही म्हणायचं कारण नाही. पण थोड्या वेळानं रस्त्यावर रंगीत ठिपके उठायचे, आकाश फाटायचं, आणि मोटार हवेत अडकून पडायची. ऑक्टोबरचा उकाडा आणि त्यात ते भिंतीतलं भोक, दुसरं काय होणार. देवदत्तनं डब्याचं बाजूचं झाकण काढलं, आत हात घातला आणि हाताची पालथी बाजू त्या पट्ट्यांवर हलकेच टेकवली.

"तापलंय गं बिचारं," तो म्हणाला.

बिचारं. अश्लेषाच्या मनात तो शब्द खड्यासारखा रुतून बसला. कारण त्याच आठवड्यात वल्लरीला लस टोचली होती. अंग कोमट लागत होतं, तिची तिलाच खात्री होईना, म्हणून तिनं म्हटलं होतं, "अहो, जरा हात लावून बघा ना, ताप वाटतोय का?" तेव्हा त्यानं मान न वळवता उत्तर दिलं होतं, "मला काय कळतंय त्यातलं? तूच बघ."

झाकण काढल्यावर तो बोटभर पंखा कानाशी डास घोंघावावा तसा वाजायला लागला. वल्लरी दचकून उठायची. तिच्या रडण्यानं देवदत्तची मोटार दरीत जायची. मग त्यानं आवाजाचा बंदोबस्त सुरू केला. कुकरची जुनी रिंग कापून तिचे तुकडे डब्याच्या पायांखाली घातले. थोडा फरक पडला. मग एका दुपारी अश्लेषा न्हाऊन येते तो डब्यावर वल्लरीचं दुपटं पांघरलेलं. साताऱ्याच्या पणजीच्या मऊ लुगड्याचं, अश्लेषाच्या आईनं हातानं शिवलेलं.

"आवाज कमी झाला की नाही, सांग," तो खुशीत म्हणाला.

"तिचं दुपटं आहे ते."

"अगं, तिच्याच झोपेसाठी घातलंय."

दुपट्याखाली कार्ड असं तापलं की पडदा काळा झाला. आवाज दाबला की तापतं, गार करावं तर बोंबलतं. या कात्रीत सापडलेला देवदत्त दोन दिवस उदास होता. त्यानंतर टेबलफॅन सरकायला लागला. आधी पाळण्याकडून थोडा तिरका झाला, "दोघांनाही लागेल" म्हणून. मग खुर्चीवर चढला. मग फडताळासमोरच्या स्टुलावर गेला, तीन नंबरवर, उघड्या डब्याकडे तोंड करून. अश्लेषा दर वेळी तो परत फिरवायची, आणि ती स्वयंपाकघरात गेली की पंखा पुन्हा आपल्या जागी म्हणजे स्टुलावर.

वल्लरीला तेल लावून न्हाऊ घालायला बायडाबाई यायची. तिनं पोरीला पायांवर पालथं घेतलं आणि थांबली.

"वैनी, पाठ बगा हिची. मोहरी सांडल्यागत घामोळं उठलंय. घरात पंखा हाय न्हवं?"

"आहे."

"मग वारा कुणाला घालताय?"

"मशीनला."

"आवं, मशीनला बी घाम येतो व्हय?" बायडाबाई हसली, आणि अश्लेषाचं तोंड बघून लगेच थांबली. "लय कोवळी हाय कातडी. बोला की दादास्नी."

अश्लेषा बोलली. तो म्हणाला, "दोन महिन्यांत थंडी येईल."

खंडेनवमीला सकाळीच अनसूयाबाईंनी पूजा मांडली. ज्याचं त्याचं कामाचं हत्यार त्या दिवशी पुजायचं, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, चालवायचं नाही. त्याला एक दिवसाची सुट्टी. विळी, पाटा-वरवंटा, शिवणाचं मशीन आणि सासऱ्यांचा पान्हा-पक्कड मांडून झाले. सासरे नोकरीमुळे कोल्हापूरला असत, पण त्यांच्या हत्यारांची पूजा चुकत नसे. कॉम्प्युटरला तर झेंडूचा हार. आणि फडताळासमोरच्या स्टुलावर, देवदत्तनं स्वतःच्या हातानं नेऊन ठेवलेला टेबलफॅन. अनसूयाबाईंनी त्याच्या बैठकीला हळदकुंकवाची बोटं लावली आणि जाळीला झेंडू बांधला.

अश्लेषा वल्लरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "आई, पंखा तेवढा नको. तिला दुपारी लागतो."

"पूजा झाली ना आता," अनसूयाबाई म्हणाल्या. "पुजलेली वस्तू उचलू नये. एक दिवसाचा तर प्रश्न. आम्ही काय पंख्यावर वाढवली पोरं?"

देवदत्तनं आईकडे बघून मान डोलावली. "खरंय. एक दिवस काय होतंय?"

सणाचा दिवस आणि सासूबाईंचा शब्द. त्या वाईट नव्हत्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांनीच करून ठेवले होते. दुपारभर ती पाळण्याशी बसून वल्लरीला वारा घालत राहिली. हाताशी दुसरं काही नव्हतं, तर तिनं त्या कार्डाचं खोकं चपटं केलं आणि तेच हलवत बसली. गुळगुळीत, चकचकीत खोकं, वर आग ओकणारा एक राक्षस छापलेला. राक्षस वर-खाली होत होता. वल्लरीचा गळा, कोपरांच्या घड्या, कानामागची जागा ओलीच्या ओली. घामोळं चुणचुणलं की ती झोपेतच तोंड वाकडं करायची, रडायचीसुद्धा नाही. हात दुखला की अश्लेषा हात बदलायची. मनात मात्र ती काही बदलत नव्हती. तिथं सकाळपासून एकच वाक्य उकळत होतं, एक दिवस काय होतंय.

चार वाजायच्या सुमाराला धम्मपाल आला. देवदत्तचा शाळेपासूनचा मित्र, मिरजेच्या एका कॉलेजात शिकवायचा. त्याच्याकडेही मशीन होतं, पण असलं कार्ड नव्हतं, आणि ते बघायला तो रहिमतपूरहून पाहुण्यांच्या घरून तडक आला होता.

"वहिनी, मोठा कारखाना टाकलाय म्हणे याने," तो चपला काढत म्हणाला. "बघू तरी दे गड्या."

"अर्धाच तास हं, आई," देवदत्त आत बघून म्हणाला, आणि त्यानं कॉम्प्युटरचा हार जरा बाजूला सरकवला. बटण दाबलं.

अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आल्या. अश्लेषाला वाटलं, आता त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "हळदकुंकू पुसू नकोस म्हणजे झालं."

मग देवदत्तनं पंख्याचं बटण दाबलं. तीन नंबर. जाळीला बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या सुटून खोलीभर उडाल्या, आणि सगळा वारा फडताळात त्या उघड्या डब्यावर गेला.

अश्लेषानं खोकं खाली ठेवलं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि पंख्याची पिन ओढून काढली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही.

"आई, पुजलेली वस्तू उचलायची नाही, चालवायची नाही, असं सकाळी ठरलं होतं. मी पाळलं. माझी लेक दुपारभर घामात भिजली आणि मी पाळलं. आता मशीनही चालू आहे आणि पंखाही चालू आहे. म्हणजे सुट्टी फक्त पाळण्याजवळच्या पंख्याला होती."

"अगं, पाहुण्यासमोर..." देवदत्त पुटपुटला.

"पाहुण्यासमोरच चालू केलात ना?"

तिनं पंखा कुशीत उचलला. साडीला हळदकुंकू लागलं. अनसूयाबाईंचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. "मग पाळण्याचीच पूजा कर. तेच तुझं हत्यार आता."

त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. अश्लेषानं ताम्हनातली हळदकुंकवाची कोयरी उचलली, पाळण्याच्या लाकडी दांडीला दोन बोटं ओढली आणि कोयरी परत जागेवर ठेवली. "केली. आणि आई, माझं हत्यार तुम्ही सकाळीच पुजलंय. त्या कीबोर्डवर चार वर्षं मी पत्रिका जुळवल्यात. हे मोटारी पळवतात त्याला काम म्हणत नाहीत."

धम्मपालनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पंखा पाळण्याच्या पायथ्याशी गेला. पडद्यावर मोटार धावत होती. देवदत्त हट्टानं खेळत राहिला, पण डोळा त्या डब्यावर. पहिल्या डोंगरातच ठिपके उठले. दुसऱ्या वळणावर आकाश फाटलं आणि मोटार अडकली.

"जळेल ना कार्ड," तो ओरडला. "जळलं तर?"

"जळू दे."

"जळू दे म्हणतेस? किती मुश्किलीनं मिळवलंय ठाऊक आहे?"

"तिला मिळवायला मला सोपं गेलं असं वाटतंय तुम्हाला?" अश्लेषा म्हणाली. मग एकदम तिचा आवाज खाली आला, आणि त्यानं देवदत्त जास्त घाबरला. "भिंतीच्या भोकात कोंडून ठेवलंय त्याला. मागून गरम हवा निघायला जागा नाही. त्याला वारा हवा ना? मग त्याला वाऱ्याकडे न्या. पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे, आणि ते झाकण लावा. उघडं ठेवून आवाजच वाढतो, वारा कुठूनही कुठेही जातो. माझ्या पोरीला दुसरी खोली नाही. त्याला आहे."

"पुढे धूळ येईल," अनसूयाबाई म्हणाल्या. "आल्यागेल्याचे हात लागतील. आणि पुजलेलं..."

पुजलेल्याचं आता काय राहिलं होतं?

"काकू, धूळ फडक्यानं पुसता येते," धम्मपाल म्हणाला. "देवा, ऊठ. तू पडदा घे, मी डबा घेतो. वहिनी आपल्या दोघांनाही फडताळात कोंडायच्या आधी."

कुणी हसलं नाही. पण दोघं उठले. कुकरच्या रिंगेचे तुकडे देवदत्तनं न विसरता खिशात घातले. पुढच्या खोलीत बराच वेळ खुडबुड चालली. झाकणाचे स्क्रू, खुर्ची सरकवल्याचा आवाज, धम्मपालचं "इकडं, खिडकीकडं पाठ कर त्याची" हे सांगणं. मग मोटारीचा आवाज सुरू झाला, लांबचा, भिंतीपलीकडचा. तो मध्येच तुटला नाही.

वल्लरी तोवर झोपली होती. पंखा एक नंबरवर होता. एखादी झेंडूची पाकळी अजून सुटत होती आणि तिच्या पावलांवर येऊन पडत होती. अश्लेषा त्या पाकळ्या उचलत बसली. राग उतरला नव्हता. पोटात तो तसाच होता, फक्त आता त्याला बसायला जागा मिळाली होती.

धम्मपाल गेल्यावर देवदत्त मधल्या दारात आला. काही बोलायचं असावं, ते त्याला जुळवता येईना. मग तो पाळण्याजवळ आला, वाकला, आणि हाताची पालथी बाजू वल्लरीच्या कपाळावर हलकेच टेकवली. तो हात अश्लेषाच्या ओळखीचा होता. पट्ट्यांवर टेकताना तिनं तो पुष्कळदा बघितला होता.

"ताप नाहीये," तो म्हणाला.

"ताप नव्हताच आज. घामोळं आहे. पाठीवर."

"पाठ कशी बघायची?"

"उचलावं लागतं."

तो तसाच उभा राहिला. पोरगी झोपलेली, मान सैल, एक हात पाळण्याबाहेर लोंबकळणारा. कुठून धरायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. साडेचार महिन्यांत ते ठाऊक करून घ्यायची वेळ त्याच्यावर कुणी आणली नव्हती, अश्लेषानंसुद्धा.

"पुण्याहून कार्ड कसं आणलंत?" तिनं विचारलं.

"स्वेटरमध्ये. मांडीवर."

"धक्का लागू न देता?"

"हं."

तिनं त्याच्या हातात दुपटं दिलं आणि ती बाजूला झाली.

"उचला मग," ती म्हणाली. "मानेखाली हात आधी."