अर्धा सूर खाली

गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची. प्लेगला दोन वर्षं होत आली होती, पळून गेलेली माणसं कधीच परतली होती, आणि सुरतेचे रस्ते असे लख्ख झाले होते की केळं खाल्लं तर साल हातात धरून कचरापेटीपर्यंत चालत जावं लागे. त्या वर्षी आषाढात मालतीबाई तापीकाठच्या जुन्या बाजारात गेल्या त्या स्टोव्हचा पंप आणायला, आणि पर्वत पाटियाच्या घरी परतल्या त्या मेंडोलिन घेऊन. वय वर्षं त्रेपन्न.

मुकुंदरावांनी बँकेतून आल्यावर टेबलावरची ती भोपळ्याच्या फोडीसारखी वस्तू चष्मा वर करून पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण यात रॉकेल कुठून घालायचं?"

"चेष्टा नको. मी शिकणार आहे."

"कोणाकडे?"

"वाल्मिककडे. बुधवारी येणार आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, तुम्ही जरा मोठ्यानं बोला."

मुकुंदरावांनी चष्मा परत खाली घेतला. बहिऱ्या माणसाकडून वाद्य शिकणारी बायको आपल्याला मिळाली आहे, ही गोष्ट त्यांनी पुढचे आठ दिवस बँकेत प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितली.

झालं होतं असं. जुन्या बाजारात पितळी नळ आणि गंजक्या कुलपांच्या मधोमध ते मेंडोलिन पडलं होतं. मालतीबाईंनी ते उचललं, आणि त्याच वेळी शेजारी पान्हे चाळत बसलेल्या एका माणसानं हात पुढे करून तारा छेडल्या. मग त्यानं एक विचित्र गोष्ट केली. हनुवटी वाद्याच्या लाकडावर टेकवली, पुन्हा तारा छेडल्या आणि डोळे मिटले.

"लाकूड चांगलं आहे, ताई. घ्या."

"तुम्हाला वाजवता येतं?"

"आधी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचो, पारोळ्याकडे. आता मागांवर फिटर आहे. खात्यात वीस वर्षं झाली. कान गेले, हात आहेत."

मालतीबाईंचं माहेर धुळ्याचं. पारोळा म्हटल्यावर त्यांना तो माणूस गावचाच वाटला. तो भेस्तानला राहत होता आणि त्याच्या खात्याला, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याला, बुधवारी सुट्टी असे. एवढ्यावर शिकवणी ठरली.

पण मेंडोलिनच का? याचं उत्तर मालतीबाईंनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांची असताना शाळेच्या समूहगानात त्या पहिल्या रांगेत उभ्या होत्या. गाण्याच्या बाई पेटी थांबवून त्यांच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालू, तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नकोस." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चारचौघांत ओरडूनही सांगितलं नाही. पण मालतीबाईंनी त्या दिवसापासून जे ओठ हलवायला सुरुवात केली ते बेचाळीस वर्षं. आरतीत ओठ, मंगळागौरीत ओठ, लेकीच्या बारशाच्या पाळण्यालाही ओठच. आणि सासर मिळालं ते गाणाऱ्यांचं. नणंद उज्ज्वला संगीत विशारद. सुरतेतल्या निम्म्या मराठी मुलींना तीच पेटी शिकवायची. आपण सुरात कधीच नव्हतो आणि असणार नाही, हे मालतीबाईंनी मान्य केलं होतं. फक्त एकदा, एकदाच, चारचौघांत गाणं चाललेलं असताना त्यात आपलाही आवाज असावा, आणि कोणी "तू गप्प राहा" म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. गळा नसेल तर तार.

वाल्मिकनं सरगम वगैरे काही काढलीच नाही. "कॉर्ड शिका, ताई. तीन कॉर्डमध्ये अर्धी गाणी बसतात. कॅसेट लावायची आणि मागून झणझण करत राहायचं." आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. सर्वांत जाड जोडी गाण्याच्या 'सा'ला मिळवायची. तिच्या सातव्या पडद्यावर बोट ठेवलं की पुढच्या जोडीचा मोकळा सूर मिळतो, तिच्या सातव्या पडद्यावर त्याच्या पुढचीचा.

"हे तुमचं काम," तो म्हणाला. "चाव्या मी फिरवीन, पण मिळालं का नाही ते तुम्ही सांगायचं. कान तुमचे."

"अहो, माझे कसले कान!"

"माझ्यापेक्षा तर बरे असतील का नाही?"

मालतीबाई कॅसेट लावून, तारेला कान देऊन बसू लागल्या. आधी अर्धा तास लागे, मग पंधरा मिनिटं, मग पाच.

बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. पहिला कॉर्ड दोन बोटांचा, तो गोकुळाष्टमीपर्यंत बसला. दुसरा गणपतीत. कॅसेट सुरू झाली की वाल्मिक समोर बसून हातानं खुणा करी: एक बोट म्हणजे पहिला कॉर्ड, दोन म्हणजे दुसरा, मूठ म्हणजे तिसरा. खुणा इतक्या अचूक वेळेवर येत की मालतीबाईंना शंका आली. त्यांनी कॅसेट थांबवली.

"वाल्मिक, तुम्हाला गाणं ऐकू येतंय ना? खरं सांगा."

"नाही ताई. भुंगा फिरल्यावानी वाटतं नुसतं."

"मग खुणा कशा करता?"

"तुमचे ओठ बघतो. खात्यात शंभर माग चालू असले म्हणजे आम्ही असंच बोलतो, ओठांनी अन् हातांनी. तुमच्या ओठांवर अख्खं गाणं असतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही." मग त्यानं विचारलं, "पण मोठ्यानं का गात नाही?"

बेचाळीस वर्षांत जे कोणालाच सांगितलं नव्हतं, ते मालतीबाईंनी या फिटरला सांगून टाकलं. वाल्मिकनं ते ओठांवरून वाचलं आणि मान हलवली.

"मला तर सगळेच सारखे ऐकू येतात, ताई. तुम्ही माझ्यासमोर बिनधास्त गा."

पण त्या गायल्या नाहीत. हसल्या मात्र पोटभर.

दसऱ्यापर्यंत एक गाणं पुरं बसलं. एका होडीवाल्याचं जुनं गाणं, मधे मधे मेंडोलिनच्या सुरेख लडी असलेलं. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन जिन्यात भेटल्या.

"मालतीबेन, बहु सरस वगाडो छो! पण बीजुं कोई गीत नथी?"

"बेसे छे, हंसाबेन, बेसे छे," मालतीबाईंनी 'दुसरं बसतंय'चं गुजराती केलं आणि संध्याकाळी तेच गाणं सहा वेळा वाजवलं.

आता दिवाळीनंतरच्या रविवारी मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन असे. कार्यक्रमांची यादी नेहमी उज्ज्वलाच करायची. ती भाऊबिजेला आली, करंजी हातात घेतली आणि तिला कोपऱ्यात मेंडोलिन दिसलं.

"दादा, हे कोणाचं?"

"तुझ्या वहिनीचं. रॉकेल लागत नाही."

उज्ज्वलानं गाणं ऐकलं. तोंडातली करंजी चावायची थांबली. ऐकून झाल्यावर तिनं पर्समधून यादी काढली आणि लिहिलं: मालतीवहिनी, मेंडोलिन, कॅसेटच्या साथीनं.

"उज्ज्वला, नको गं. स्टेजवर?"

"का? आम्हालाच दर वर्षी कंटाळवाणं गायला सांगणार का तुम्ही?"

स्नेहसंमेलन चार वाजता सुरू झालं. हॉलमध्ये दीडशे माणसं, मागे मसालेभाताचा वास, पहिल्या रांगेत मुकुंदराव आणि त्यांच्याशेजारी खातं दिवाळीसाठी बंद म्हणून इस्त्रीच्या शर्टात वाल्मिक, बायको रुक्मिणीला घेऊन. स्टेजच्या कडेला पेटीवर उज्ज्वला. मालतीबाई खुर्चीवर बसल्या, माइक त्यांच्या तोंडासमोर आला, हॉलच्या मोठ्या डेकवर कॅसेट लागली. वाल्मिकनं एक बोट वर केलं. त्यांनी पहिला कॉर्ड छेडला.

काहीतरी भलतंच झालं होतं. गाणं वर आणि तारा खाली, जशी एक चप्पल उंच टाचेची आणि एक सपाट. त्यांनी आणखी दोनदा छेडून पाहिलं आणि पंजा तारांवर ठेवून सगळं बंद केलं.

झालं होतं ते असं की मालतीबाईंच्या घरचा टेपरेकॉर्डर म्हातारा झाला होता. त्याच्या आतला रबरी पट्टा ढिला पडून कॅसेट सावकाश फिरत होती आणि सावकाश फिरणाऱ्या कॅसेटचा सूर खाली उतरतो. घरात दुसरं यंत्रच नव्हतं, मग ताडून बघणार कशाशी? पाच महिने मालतीबाई त्या उतरलेल्या सुराला तारा मिळवत होत्या. हॉलचा डेक खरं बोलत होता.

सूत्रसंचालन करणारा मुलगा लगबगीनं आला. "काकू, काय झालं? पुढचा नाच तयार आहे."

पेटीवरून उज्ज्वला वाकून कुजबुजली, "वहिनी, चालू दे तसंच. इथे कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," मालतीबाई म्हणाल्या.

हे इतकं पटकन त्यांच्या तोंडून गेलं की बोलल्यावर त्या स्वतःच थबकल्या. उज्ज्वलानं पेटीवर एक पट्टी दाबून पाहिली, मग तिच्या शेजारची काळी, आणि भावजयीकडे बघतच राहिली. बरोबर अर्धा सूर खाली.

"मी सूर देऊ?"

"नको. कॅसेटचाच पुरे. एकदा सुरुवात ऐकव रे बाळा, आणि मग बंद कर. ढोलकीच्या आवाजात तार ऐकू येत नाही."

मुलानं सुरुवात ऐकवली आणि कॅसेट बंद केली. आता अडचण अशी की आठ तारा चढवायच्या तर 'सा' तेवढा वेळ धरून ठेवायला हवा. मालतीबाईंनी तो धरला. कुठे धरणार? गळ्यात. ओठ मिटून त्या गुणगुणू लागल्या आणि एकेक चावी फिरवू लागल्या. जाड जोडी चढली. सातव्या पडद्यावर बोट, दुसरी जोडी चढली. माइक तोंडासमोर होता हे त्या पार विसरल्या होत्या. हॉलमधल्या कोपऱ्याकोपऱ्यात तो एकच सूर, ना चढता ना उतरता, भरून राहिला. मुलं दंगा करायची थांबली. उज्ज्वलानं पेटीवर तोच सूर अगदी हळू दाबून पाहिला आणि पेटीचा भाता सोडून दिला; दाबायची गरजच नव्हती.

घाबरला होता तो एकटा वाल्मिक. त्याला ताईंचे मिटलेले ओठ दिसत होते. ताई गाणं विसरल्या, असं वाटून तो खुर्चीतून अर्धा उठला.

"काय व्हयनं? ताई गप कशा बठन्यात?" त्यानं रुक्मिणीला विचारलं.

रुक्मिणीनं त्याचा शर्ट धरून खाली बसवलं आणि तोंड त्याच्याकडे वळवून ओठांनीच सांगितलं, "गाई ऱ्हायन्यात." ताई गात होत्या.

शेवटच्या पातळ जोडीतली एक तार टणकन तुटली. बदलायला जादा तार नव्हती. हॉलमधून "अरेरे" निघालं.

"असू दे," मालतीबाई माइकमधून म्हणाल्या. "सात पुष्कळ झाल्या. लाव रे कॅसेट."

गाणं घरच्यापेक्षा जलद चाललं होतं, पण वाल्मिकच्या खुणा त्याच्याही पुढे धावत होत्या, आणि मालतीबाईंचा उजवा हात असा काही सुटला की मधल्या लडीनंतर लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. ध्रुवपदाला मागच्या रांगा गाऊ लागल्या. दुसऱ्या ध्रुवपदाला मुकुंदराव, ज्यांना त्या गाणाऱ्या घरातही कोणी कधी गाताना पाहिलं नव्हतं. आणि तिसऱ्याला मालतीबाई. ओठ नव्हे, आवाज. फार मोठा नाही, थोडा घोगरा, पण त्या दीडशे आवाजांत माइकमुळे सगळ्यांत स्पष्ट. कोणीही गप्प राहा म्हटलं नाही. उलट गाणं संपल्यावर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायला लागली आणि नाचवाल्या मुलींना आणखी पंधरा मिनिटं घुंगरं बांधून उभं राहावं लागलं.

जेवणाच्या पंगतीत उज्ज्वला शेजारी येऊन बसली.

"वहिनी, मी अकरा वर्षं तालीम केली, तेव्हा मला असा 'सा' धरता यायला लागला. हा तू कुठे लपवला होतास?"

मालतीबाईंनी ते शाळेतलं सांगितलं. उज्ज्वलानं स्वतःच्या पानातली घारी, म्हणजे सुरतेची ती तुपात माखलेली मिठाई, उचलून वहिनीच्या पानात ठेवली, आणि सुरतेत कोणी आपली घारी दुसऱ्याला देतं म्हणजे त्याहून मोठं काही बोलायचं उरत नाही.

वाल्मिकनं पुढच्याच बुधवारी घरचा टेपरेकॉर्डर उघडून पट्टा बदलला. पुढे दोन हजार एकमध्ये त्यानं मागांवरचं काम सोडलं आणि पारोळ्याला जाऊन पिठाची गिरणी टाकली. मुलीनं हट्टानं कानाचं यंत्र आणून दिलं, ते तो गिरणी बंद असतानाच लावी. रुक्मिणी तिथल्या भजनी मंडळात पुढे झाली. उज्ज्वलानं नंतर आपल्या पेटीच्या वर्गात एक नियम केला: कुठल्याही मुलीला पहिली दोन वर्षं बेसूर म्हणायचं नाही. तिच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या. ती दोन हजार सोळामध्ये गेली, तेव्हा त्यांतल्या चाळीसएक जणी शेवटच्या दर्शनाला आल्या होत्या. मुकुंदराव निवृत्तीनंतर तारा बदलायला शिकले आणि बाकी कोणाला त्या कामाला हात लावू देईनासे झाले. हंसाबेन मुलाकडे चलथाणला राहायला गेल्या आणि तिथून फोन करून नवीन गाणं बसलं का विचारत. तोपर्यंत एकोणीस बसली होती.

मालतीबाई सत्याहत्तराव्या वर्षापर्यंत वाजवत होत्या. मग बोटं आखडली. तेव्हा त्यांनी मेंडोलिन नातीला, अनुजाला दिलं आणि स्वतः नुसत्या गाऊ लागल्या. सकाळी देवपूजेला, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, दुपारी तांदूळ निवडताना. शेजारीपाजारी कधी कधी खिडकी लावून घेत, पण त्याला त्यांचा इलाज नव्हता.