डोंगरसिंगच्या ठेल्यावरचे दोन डबे

"थोटूक खाली नाही, बाप्पा! मत दे, मत!"

डोंगरसिंग पानठेल्यातून अर्धा बाहेर वाकून ओरडला. ट्रॅक्टरवाल्या संजयचा सिगारेटचं थोटूक फेकायला उचललेला हात तसाच राहिला.

"मत? कायचं मत?"

"पोळ्यात नंबर कोणाच्या बैलजोडीचा येईन? लाल डबा सदाशिवरावचा, निळा बाबूसिंगचा. ज्याच्यात टाकशीन त्याले मत."

संजय हसला. दोन्ही डब्यांत वाळू भरलेली होती. त्याने निळ्या डब्यातल्या वाळूत थोटूक विझवलं आणि म्हणाला, "बाबूसिंगकाकाले सांगजो, मी दिलं म्हणून."

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेच्या फाट्यावर डोंगरसिंगचा हा पानठेला होता. समोरच्या मोकळ्या जागेत दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरायचा. मुलं लाकडी बैल ओढत यायची. डोंगरसिंग एकेकाच्या हातावर बत्तासा ठेवायचा आणि मग लाकडी बैलापुढे वाकून, अगदी गंभीरपणे विचारायचा, "काय पाटील, चारा खाल्ला का?" मुलं खिदळायची. या एका दिवसासाठी हा माणूस बाकीचं वर्ष पानं लावतो, असं त्याची बायको हंसाबाई म्हणायची.

गेल्या वर्षी त्या गर्दीत एका रांगत्या बाळाने मातीतलं सिगारेटचं थोटूक तोंडात घातलं. अंगणवाडीच्या विमलताईंनी बोट घालून ते लगेच काढलं. बाळाला काही झालं नाही. पण यंदा त्या ठेल्यावर येऊन म्हणाल्या, "डोंगरसिंगभाऊ, तान्हा पोळा औंदा शाळेत भरवू. इथं लेकरं खाली बसवाले मले भेव वाटते."

सिगारेटी त्याच्याच ठेल्यावरच्या होत्या. डोंगरसिंगने विचारलं, "पोळ्यापर्यंत जागा साफ झाली तर?"

"तर इथंच. मलेबी हेच आवडते."

तो रोज सकाळी झाडू लागला. दुपारपर्यंत जागा पुन्हा तशीच. कोणाला टोकलं की उत्तर ठरलेलं, "कापूसच तर हाय त्याच्यात, भाऊ. मातीत जाते मिसळून." आणि हे कोण म्हणायचं, तर जन्मभर कापूस पिकवणारी माणसं! एकदा डोंगरसिंगने थोटकातला पांढरा भाग आणि कापसाचा एक पुंजका त्यांच्यासमोर शेजारी शेजारी पेटवलं. कापसाची राख झाली आणि फुंकर मारताच उडून गेली. थोटकातला भाग मात्र वितळून आकसला आणि काळा, कडक मणी होऊन बसला.

"हे प्लास्टिक हाय. आपल्या वावरात टाकान का?"

लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी थोटकं पुन्हा खालीच.

"तुमी यायले शिकवत नोका बसू," हंसाबाई म्हणाली. "यायले भांडू द्या." आणि तिनेच तेलाचे दोन रिकामे डबे रंगवून दिले.

चार दिवसांत निळा डबा पुढे गेला. त्या संध्याकाळी पांढरंशुभ्र धोतर नेसलेले सदाशिवराव ठेल्यासमोरच्या निंबाखाली वाकून चिमट्याने काहीतरी उचलताना दिसले.

"काय हो सदाशिवराव," बाबूसिंगने हाक मारली, "या वयात ओढाले लागले का?"

"ओढतो कायले? वेचतो! तुमची जोडी डब्यात जिंकून राह्यली, अन् मी पाहत बसू काय?"

"असं हाय काय!" म्हणत बाबूसिंग घरी गेला आणि स्वतःचा चिमटा घेऊन आला.

मग काय विचारता! निंबाच्या मुळ्या, पुलाची मोरी, एसटीचा थांबा, सगळीकडे माणसं वाकलेली. कधी सिगारेट न ओढलेलेही मत द्यायला येऊ लागले. बाबूसिंगचा साळा शंकरसिंग तर ढाब्यांवरून पिशवीच भरून घेऊन आला.

"बाहेरची मतं चालत नाही!" सदाशिवराव कडाडले.

"चालते, चालते," डोंगरसिंग घाईघाईने म्हणाला. "तुमीबी आना. तिकडच्या ढाब्यावर लय पडले हायेत."

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या आणि पहिला नंबर गेला गावातल्याच पंचफुला नावाच्या बाईच्या साध्या, भुऱ्या जोडीला. तिच्या नावाचा तर डबाही नव्हता. सदाशिवराव आणि बाबूसिंग एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

थोटकांची पोती विमलताईंनी शोधलेल्या शहरातल्या एका कारखान्याकडे निघाली. तिथे पांढरा भाग वेगळा काढून, साफ करून उशांमध्ये भरतात, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे आमची मतं लोकायच्या डोक्याखाली!" बाबूसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, डोंगरसिंगने ठेला उघडलाच नाही. झाडू घेऊन तो सकाळपासून जागेवर फिरत होता, पण झाडायला निंबाच्या पानांशिवाय काही नव्हतं. विमलताई मुलांना घेऊन आल्या तसा तो बाजूला उभा राहिला. आता या जागा पाहतील, कोपरे पाहतील, मग सांगतील.

विमलताईंचं लक्ष एका मुलीच्या बैलाकडे होतं. "अवो माय, झूल उलटी बांधली वं तू! आन इकडं," असं म्हणत, बोलता बोलता, नवं लुगडं सावरायचंही विसरून त्या खाली न पाहताच मातीत बसल्या.